अप्पांचा फोन, गेटवरचा वॉचमन आणि झोपणारा सिंह: मोबाइल ब्राउझरमधल्या जाहिराती अडवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका बागेत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरतो. दर रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा तिथे आम्ही दोघं 'मोबाइल मदत' म्हणून बसतो: मी आणि शाळेतून निवृत्त झालेले एक सर. एरवी मी ऐरोलीतल्या एका कंपनीत सपोर्टचं काम करते. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस पगार घेऊन लोकांना 'बंद करून परत चालू केलंत का?' विचारते आणि रविवारी तेच फुकटात विचारते.

बहुतेक तक्रारी पाच मिनिटांत मिटतात. अक्षर मोठं करून हवं असतं, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फोटोंनी फोन भरलेला असतो. हे प्रकरण मात्र ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चाललं आणि मधे एकदा माझ्याच हाताने बिघडलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. संबंधितांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कट्ट्यावर सगळे त्यांना अप्पा म्हणतात. वय ७२. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात लेथवर लागले, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. ते आणि काकू घंटाळीजवळच्या जुन्या इमारतीत राहतात, मुलगा पुण्यात असतो. फोन मुलाचाच जुना, अँड्रॉइड १२ चा. अप्पांचा वापर ठरलेला: सकाळी पंचांग, मग बातम्यांच्या दोन साइट, शब्दकोडं, सामना असेल तर स्कोअर आणि दुपारी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रत्येक गोळीची माहिती. घरी छापील पेपर येतो, पण काकूंच्या हातून तो सुटेपर्यंत अकरा वाजतात.

अडचण, जशी सांगितली गेली

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी अप्पांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "जाहिराती फार येतात गं. काहीतरी कर." एवढंच म्हणाले.

मी त्यांच्यासमोरच बातमीचं एक पान उघडलं. मथळा दिसला आणि लगेच खाली सरकला, कारण वर एक पट्टा येऊन बसला. दोन ओळी वाचेपर्यंत खालच्या कोपऱ्यात आपोआप चालणारा व्हिडिओ आला. त्याला बंद करायची फुली तिळाएवढी. अप्पांचा अंगठा चाळीस वर्षं चक आवळून जाड झालेला. त्यांनी फुलीवर ठेवला तो जाहिरातीवरच पडला आणि भलतंच पान उघडलं. ते शांतपणे मागे आले आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. हे ते रोज करत होते.

तेवढ्यात फोन थरथरला आणि वरून पट्टी उतरली: 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले'. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने याच पट्ट्या बघून "सॉफ्टवेअर मारावं लागेल, सहाशे रुपये" असं सांगितलं होतं. अप्पांनी पैसे दिले नव्हते. म्हणाले, "बिघाड काय ते न सांगता जो भाव सांगतो, त्याच्याकडे मी कधीच काम टाकलं नाही."

आधी काय तपासलं

'जाहिराती येतात' या दोन शब्दांमागे निरनिराळी दुखणी असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून जाहिराती अडवायच्या आधी त्या कुठून येतात ते बघितलं.

पहिलं पाहिलं ते ॲप्सच्या परवानग्यांचं पान, त्यातही 'ॲक्सेसिबिलिटी'. एखाद्या फसव्या ॲपला ती परवानगी मिळाली असेल तर त्याला स्क्रीन वाचता येते आणि आपल्या वतीने बटणंही दाबता येतात. मग हा जाहिरातींचा प्रश्न राहत नाही, चोरीचा होतो. तिथे काही नव्हतं. फोनचा वेग वाढवून देतो म्हणणारं एक ॲप होतं, ते काढलं.

व्हायरसच्या पट्ट्या व्हायरसच्या नव्हत्याच. पंचांगाच्या एका साइटने 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' असं दाखवलं होतं, अप्पांनी दाबलं होतं. ती परवानगी पान बघण्याची नसते, नोटिफिकेशन पाठवण्याची असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे अशा सतरा साइट जमा झालेल्या. सगळ्या बंद केल्या आणि 'नवीन साइटने विचारूच नये' असंही करून ठेवलं. निम्मा त्रास इथेच संपला, एकही ब्लॉकर न बसवता. कोणाच्याही फोनला हात लावताना मी आता इथूनच सुरुवात करते.

राहिल्या पानांमधल्या जाहिराती आणि त्यांच्यामागची पाळत.

पर्याय

नवा फोन किंवा फॉरमॅट हा पर्याय मी लगेच बाद केला. साइट त्याच, ब्राउझर तोच. चार दिवसांनी चित्रही तेच झालं असतं. अँटिव्हायरस ॲपही तसंच. त्यातली फुकटची बरीचशी स्वतःच जाहिरातींवर जगतात.

आहे त्या क्रोममध्येच काही करता येईल का? अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) बसत नाहीत, त्यामुळे बाहेरचा ब्लॉकर लावता येत नाही. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम स्वतः काही जाहिराती अडवतं, पण 'बेटर ॲड्स' या ठरवून दिलेल्या मर्यादा मोडणाऱ्या साइटवरच्याच. बाकीच्या राहतात. थर्ड-पार्टी कुकी मात्र सेटिंगमधून बंद करता येतात.

ही कुकी म्हणजे काय, ते मी कट्ट्यावर असं सांगते. राममारुती रस्त्यावरच्या दहा दुकानांत एकाच मालकाची माणसं कोपऱ्यात वही घेऊन बसली आहेत. दुकानं वेगळी, दुकानदार वेगळे, वही एकच. तुम्ही एका दुकानात गुडघ्याचा पट्टा बघितलात, पुढच्या दुकानात साबण घ्यायला शिरलात, तर तिथे गुडघ्याच्या तेलाची बाटली तुमच्यापुढे येते. ॲपलच्या सफारी ब्राउझरने ही वही मार्च २०२० मध्ये सरसकट बंद केली. क्रोममधूनही ती काढू असं गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं, वर्षामागून वर्षं तारीख पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. त्यामुळे क्रोम वापरणाऱ्याला हे बटण स्वतःच शोधून दाबावं लागतं.

तिसरा पर्याय 'प्रायव्हेट डीएनएस'. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ही सोय फोनमध्येच आहे. साइटचं नाव टाकलं की फोन आधी कोणालातरी त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. जाहिराती अडवणारी डीएनएस सेवा लावली की ती सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखी वागते. जाहिरातवाल्याचं नाव आलं की म्हणते, 'या नावाचं इथे कोणी राहत नाही.' फायदा असा की हे पूर्ण फोनला लागतं, ॲप्सनाही. तोटा असा की वॉचमनला फक्त नाव दिसतं, पान दिसत नाही. साइट स्वतःच्याच नावाखालून जाहिरात पाठवत असेल तर ती आत येते, आणि अडवलेल्या जाहिरातीच्या जागी रिकामा चौकोन उरतो. शिवाय तो गेटवर उभा असतो, घरातल्या माणसाला तो कोणाला परत पाठवतोय ते कळत नाही. हे वाक्य मी आता लिहिते आहे. तेव्हा मला ते सुचलं नव्हतं.

चौथा पर्याय ब्राउझर बदलण्याचा. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसतं. किंवा ब्रेव्ह हा ब्राउझर, ज्यात अडवण्याची सोय मुळातच आहे. दोन्ही ठिकाणी काम चालतं ते याद्यांवर. ईझीलिस्ट ही त्यातली सगळ्यांत जुन्या याद्यांपैकी एक, २००५ पासून चालत आलेली, हौशी माणसं सांभाळतात. पान एखाद्या पत्त्याला हाक मारायला गेलं की ब्राउझर तो पत्ता यादीत बघतो आणि सापडला तर हाकच जाऊ देत नाही. हा वॉचमन गेटवर नसून घराच्या दारात असतो. त्याला पानही दिसतं, त्यामुळे रिकामा चौकोन झाकताही येतो. अडचण एकच: ७२ व्या वर्षी नवा ब्राउझर शिकायचा.

पहिला निर्णय

मी प्रायव्हेट डीएनएस निवडलं.

कारणं त्या वेळी मला पक्की वाटली होती. एक सेटिंग, दोन मिनिटं, अप्पांना काही शिकायला नको. माझ्यामागे आणखी आठ-नऊ जण फोन हातात घेऊन उभे होते, हेही खरं. जाहिराती अडवणारी एक मोफत सेवा लावली, तेच बातमीचं पान परत उघडलं. मथळा जागेवर राहिला. अप्पा तीन परिच्छेद एका दमात वाचून गेले आणि फोन खाली ठेवून म्हणाले, "हे बरंय की!" मी म्हटलं, "आतून एक सेटिंग केलंय, तुम्ही काळजी करू नका."

हे वाक्य मदत करणाऱ्याच्या तोंडी फार गोड लागतं.

जिथे फसलं

गणपतीत मी राजापूरजवळ गावी गेले. आमच्याकडे नेटवर्क सड्यावर चढल्याशिवाय मिळत नाही. त्याच आठवड्यात अप्पांची रक्ततपासणी झाली आणि लॅबचा मेसेज आला: रिपोर्ट तयार आहे, खालची लिंक उघडा. लिंक उघडेना. साइट उपलब्ध नाही, एवढंच येत राहिलं.

अप्पांनी क्रमाने काय केलं ते त्यांच्या तोंडून नंतर ऐकलं. फोन बंद करून चालू केला. डेटा संपला असेल म्हणून वरचा पॅक मारला. बातम्या उघडत होत्या, स्कोअर उघडत होता, फक्त रिपोर्ट उघडत नव्हता. शेजारचा मुलगा म्हणाला, मला फॉरवर्ड करा, माझ्या फोनवर बघू. अप्पांनी दिलं नाही. मला चार फोन केले, लागले नाहीत. संध्याकाळी रिक्षा करून चरईतल्या लॅबवर गेले तर सणामुळे लवकर बंद झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन छापील रिपोर्ट आणला. रिपोर्ट चांगला होता. पण दीड दिवस आणि एक रात्र ते न बघितलेला रिपोर्ट घेऊन होते.

परत आल्यावर लिंक तपासली तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. लॅबची लिंक सरळ लॅबकडे जात नव्हती. किती जणांनी लिंक उघडली हे मोजणाऱ्या एका मधल्या पत्त्यावरून वळून जात होती. मेसेज आणि ईमेलमधल्या पुष्कळ लिंक अशाच फिरवून पाठवलेल्या असतात. मधला पत्ता डीएनएसच्या यादीत होता. लॅबचा माणूस रिपोर्ट घेऊन आला होता, पण जाहिरातवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून. वॉचमनने स्कूटर बघितली आणि दोघांनाही परत पाठवलं.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे बंद करायचं बटण कुठे होतं?" मी दाखवलं: सेटिंग, नेटवर्क, त्यात आणखी आत. ते म्हणाले, "मशीनला लाल बटण ऑपरेटरच्या हाताशी असावं लागतं. तू ते खोलीच्या बाहेर लावलंस, आणि लावलंय हेही सांगितलं नाहीस."

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

अडचण, जशी खरोखर होती

त्याच रविवारी अप्पा सरांशी बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. मग सरांनी, अप्पांना विचारूनच, मला सांगितलं. जाहिराती किती येतात हा त्यांचा प्रश्न कधीच नव्हता. कोणत्या येतात, हा होता.

जुलैत डॉक्टरांनी प्रोस्टेटची तपासणी सांगितली होती. अप्पांनी दुपारी बसून त्याबद्दल वाचलं, पाच-सहा पानं उघडली. दोन दिवसांनी कट्ट्यावर सामन्याचा स्कोअर बघताना त्यांचा फोन हातोहात फिरत होता. स्कोअरच्या खाली चौकोन आला: 'रात्री वारंवार उठावं लागतं?' सोबत चित्र. चार जण हसले, एकाने मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर अप्पांनी फोन कोणाच्या हातात देणं बंद केलं. शेजारच्या मुलाला लिंक का पाठवली नाही, ते मला तेव्हा कळलं.

सरांना ते म्हणाले होते, "पेपरातही जाहिराती असतात, मी कधी तक्रार केली नाही. पण पेपरला माहीत नसतं मी काल काय वाचलं ते."

आणि हे ते मला सांगू शकले नव्हते, कारण मी त्यांच्या सुनेच्या वयाची. मीही विचारलं नव्हतं. 'फार येतात' ऐकून मी संख्येमागे लागले.

दुसरा निर्णय

डीएनएस काढून टाकलं. या वेळी तीन गोष्टी ठरवून केल्या.

आधी जुना माग पुसला. क्रोममधल्या कुकी आणि इतिहास काढला. त्याने सगळीकडून लॉगआउट व्हायला होतं, म्हणून पासवर्डची वही आधी जवळ घेतली. थर्ड-पार्टी कुकी बंद केल्या. फोनच्या प्रायव्हसी सेटिंगमधला जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक पुसला. हा फोनला चिकटवलेला लांबलचक आकडा असतो, त्यावरून निरनिराळी ॲप्स हाच तो फोन हे ओळखतात. अँड्रॉइड १२ वर तो कायमचा काढता येतो.

मग ब्राउझर. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक बसवून दिलं आणि शेजारी ब्रेव्हही टाकलं. मी काही सुचवणार नाही, एकेक आठवडा वापरा, असं सांगितलं. माझं स्वतःचं मत फायरफॉक्सच्या बाजूचं होतं. यूब्लॉक जास्त बारकाईने काम करतं, आणि मोजणीवाल्या लिंकवर गप्प बसून राहत नाही: हे पान मी अडवलंय, तरी जायचं का, असं सरळ विचारतं. ब्रेव्हमध्ये नव्या टॅबच्या मागे प्रायोजित चित्रं येतात, नाण्यांचं पाकीट वगैरे मांडून ठेवलेलं असतं. ते सगळं आधी सेटिंगमधून आवरावं लागलं.

अप्पांनी ब्रेव्ह निवडलं, आणि कारण लेथवाल्याचं होतं. फायरफॉक्समध्ये ब्लॉकर बंद करायला मेनू, त्यात एक्स्टेन्शन्स, त्यात यूब्लॉक, मग मोठं बटण. ब्रेव्हमध्ये पत्त्याच्या पट्टीतच सिंहाचं तोंड आहे. त्यावर बोट ठेवलं की एक खटका येतो, बस. "हे हाताशी आहे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. (ब्रेव्ह कंपनी काढणाऱ्यांतले ब्रेंडन आइक यांनीच १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा बनवली. पाळत ठेवणारं बरंचसं सामान आज त्याच भाषेत लिहिलेलं असतं. कुलूपवाल्याने आधी किल्ल्या विकल्या, असं सर म्हणतात.)

तिसरी गोष्ट शिकवण्याची, आणि खरा वेळ इथे गेला. पान अर्धवट दिसलं, बटण दाबलं जात नसलं, गोल फिरत राहिलं, तर पहिला संशय सिंहावर घ्यायचा. सिंह झोपवायचा, पान परत उघडायचं. चाललं तर दोष सिंहाचा, तरीही नाही चाललं तर साइटचा किंवा नेटचा. हे आम्ही सहा वेळा करून बघितलं, त्यातली शेवटची दोन अप्पांनी माझ्याकडे न बघता केली. सरांनी शाळेतल्या फळ्यासारख्या अक्षरात एक चिठ्ठी लिहिली:

पान अडलं → सिंह दाबा → खटका बंद → पान परत उघडा.
काम झालं → सिंह उठवा.

ती कव्हरच्या आत, फोनच्या पाठीला लावली. खटका त्या एका साइटपुरताच असतो, बाकीकडे सिंह जागाच राहतो, हे अप्पांना फार आवडलं.

बँक आणि बिलं जुन्या ब्राउझरवरच ठेवली. पैशाच्या पानांवर मधेच दुसरी खिडकी उघडते, ओटीपीला वेळेची मर्यादा असते; तिथे सिंह झोपवण्याचा सराव करायची गरज नाही. वाचायला एक, पैशाला एक, असं ठरलं.

एक मुद्दा अप्पांनीच काढला

सगळं बसवून झाल्यावर ते म्हणाले, "मग साइटवाल्यांनी खायचं काय?" वर्कशॉपच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघायची, तिच्या जाहिराती गोळा करायला ते वीस वर्षं वागळे इस्टेट पालथी घालायचे. पाव पानाचे किती, शेवटच्या रंगीत पानाचे किती, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. जाहिरात म्हणजे फसवणूक, असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नाही.

माझ्याकडे नीटनेटकं उत्तर नव्हतं. सिंह झोपवला की त्या साइटच्या जाहिराती परत येतात, पण त्यांच्यासोबत वहीवालेही येतात. 'जाहिरात दाखव, पण माझ्यामागे येऊ नको' असा वेगळा खटका नाही. अप्पांनी स्वतःचा तोडगा काढला. शब्दकोड्याच्या साइटवर सिंह कायम झोपलेला, कारण ते कोडं कोणीतरी एकटा माणूस बसून रोज बनवतो, असं त्यांना वाटतं. ज्या पेपरचे पैसे घरी भरतो, त्याच्या साइटवर सिंह जागा. आणि ज्या पंचांगाच्या साइटने व्हायरस दाखवले, तिथे परत जायचंच नाही.

हा हिशेब तर्काला पूर्ण धरून नाही. मला तरी तो बरोबर वाटतो.

काय झालं, काय नाही

ऑक्टोबर अखेरपर्यंत अप्पांनी सिंह चार वेळा स्वतः झोपवला: एकदा डॉक्टरांची वेळ घेताना, एकदा एका सरकारी अर्जाच्या पानावर, आणि दोनदा नुसतं बघायला. मला एकदाही फोन आला नाही. पुढच्या तपासणीच्या रिपोर्टची लिंक पहिल्या झटक्यात उघडली.

ती विशिष्ट जाहिरात परत दिसलेली नाही. यातलं श्रेय कुकी पुसण्याला किती, सिंहाला किती आणि नव्या सवयीला किती, हे वेगळं काढता येत नाही. सवय अशी: आजाराचं काही शोधायचं असेल तर अप्पा आता प्रायव्हेट टॅब उघडतात. त्याने साइटला किंवा नेट पुरवणाऱ्याला आपण दिसत नाही असं नाही. पण सगळे प्रायव्हेट टॅब बंद केले की कुकी आणि इतिहास फोनवर राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्कोअरखाली कालचं दुखणं यायची शक्यता बरीच कमी होते.

ब्रेव्हच्या पहिल्या पानावर किती ट्रॅकर आणि जाहिराती अडवल्या त्याचा आकडा दिसतो. महिन्याभरात तो हजारांत गेला आणि अप्पा तो कट्ट्यावर दाखवत फिरले. मी त्यावर फार जाऊ नका म्हटलं. तो आकडा अडवलेल्या हाकांचा आहे, हाका मारणाऱ्यांचा नाही. एकच पान एकाच पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक मारत राहतं.

काही जागा तशाच राहिल्या. ब्राउझरचा सिंह यूट्यूबच्या ॲपमध्ये जात नाही, तिथल्या जाहिराती चालू आहेत. होम स्क्रीनवर डावीकडे सरकवल्यावर येणाऱ्या बातम्या मूळ ब्राउझर न उघडता तिथल्या तिथेच उघडायच्या, आणि अप्पा म्हणायचे की सिंह काम करत नाही. ती फीडच बंद केली. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंक ब्रेव्हमध्ये उघडाव्यात म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये तोच डिफॉल्ट ब्राउझर केला. हे पहिल्या दिवशी विसरले होते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, 'मला ती जाहिरात दाखवा' असं म्हणायला हवं होतं. कदाचित अप्पांनी दाखवली नसती. पण 'कोणत्या प्रकारच्या येतात?' असं सरांनी विचारलं असतं तर पहिल्याच रविवारी कळलं असतं. आता आमच्या टेबलावर एक पाटी आहे: 'सरांशी बोलायचं असेल तर उजवीकडे, मॅडमशी बोलायचं असेल तर डावीकडे.' सरांची कल्पना. बायका डावीकडे कितीतरी वेगळे प्रश्न घेऊन येतात, ते याआधी कधी आलेच नव्हते.

डीएनएसचा पर्याय वाईट नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर तो आहे, कारण काही अडलं की काय बंद करायचं ते मला माहीत आहे. अप्पांच्या फोनवर लावायचाच होता तर चिठ्ठी त्याच दिवशी लिहायला हवी होती, आणि मी गावाला जाणार आहे हे माहीत असताना तर नक्कीच. निदान पुण्याच्या मुलाला एक मेसेज टाकून ठेवता आला असता. तो फोनवरून दोन मिनिटांत बंद करवून घेऊ शकला असता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी बंद करणं आणि प्रायव्हेट टॅब दाखवणं, मी दुसऱ्या खेपेला केला. तो पहिल्या खेपेला केला असता तर कदाचित नवा ब्राउझर लागलाच नसता. पण मग मथळा खाली सरकत राहिला असता आणि तिळाएवढी फुलीही राहिली असती. त्यामुळे ब्राउझर बदलला याचं मला वाईट वाटत नाही.

काकूंच्या फोनलाही हेच करून देऊ का, असं मी दिवाळीच्या आधी विचारलं. त्यांनी फोन पदराखाली घेतला. "नोटिफिकेशनचं ते बंद कर. बाकी हात लावू नकोस. मला साड्यांच्या जाहिराती बघायच्या असतात." नोटिफिकेशन्स बंद केल्या, नऊ साइट निघाल्या. बाकी हात लावला नाही.